मंगलच्या घरून परत आलेलं विरजण

मी विरजण बोलायलोय. व्हय, तेच, दुधात घालायचं चमचाभर दही. चमचाभर म्हणून हसू नका. माझ्यात इतके बारीक जीव नांदतात, की कर्नाटकातल्या आमच्या मादन हिप्परगा गावाची सगळी माणसं त्यापुढं मूठभर.

माझं घर बाणूबाईचं. तिच्या सासऱ्यांकडं मेंढरं होती; आता दोन म्हशी अन् तुरीचं रान. रोज सांजच्याला ती दूध कोमट करायची, बोट बुडवून बघायची, मला त्यात सोडायची अन् गाडगं जुन्या घोंगडीत गुंडाळायची. सकाळी मी घट्ट! नात प्रतीक्षा वरची साय पळवायची अन् आई धनलक्ष्मीच्या शिव्या खायची. मजेत चाललं होतं.

पलीकडच्या गल्लीतली मंगल कधीमधी विरजण मागायला यायची. अंगणवाडीत शिकवते, बौद्धांच्या घरातली. बाणूबाईनं कधी न्हाई म्हटलं न्हाई. पण वाटी खाली ठेवायला लावायची अन् मला वरून सोडायची. मंगल वाटी उचलून जायची. मला मात्र लई वाईट वाटायचं.

या उन्हाळ्यात प्रतीक्षा रानातल्या डबक्याचं पाणी प्याली. ताप आला, पोटात कळा, शौचातून रक्त. तालुक्याच्या गावच्या, आळंदच्या डॉक्टरनं कानडीत समजावलं, "पाण्यातल्या जंतूंनी आतडं सुजलंय. गोळ्या पूर्ण द्या. पाणी उकळून द्या. गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू बी मरतात, म्हणून ताप उतरला की घरचं ताजं ताक पाजा."

घाबरलेल्या बाणूबाईच्या डोक्यात 'उकळून' तेवढं बसलं. तिनं पाणी उकळलं, वाट्या उकळल्या, अन् शेवटी गाडगं पातेल्यात पालथं करून मला बी खदखदा उकळलं!

धनलक्ष्मी धावत आली. "आत्याबाई, कामून उकळायलाव? ते तर औषध हाय!"

"एक बी जंतू ठेवणार न्हाई मी ह्या घरात!"

झालं, मी मेलो. म्हणाल, मेलास तर बोलायलास कसा? धीर धरा की जरा.

ताप उतरला, पण लेकरू काही खाईना. उकळलेल्या मला दुधात घालून बघितलं. सकाळी दूध ते दूधच. दुकानातलं पाकिटाचं दही आणलं, तर पोरीनं तोंड फिरवलं. "आपलं दही दे गं आज्जी." अंगात नुसती हाडं राहिली होती. बाणूबाई चुलीपुढं बसून रडली. "माझ्याच हातानं विरजण मारलं की गं."

मग ती उठली, वाटी घेतली अन् अनवाणीच मंगलच्या घरी गेली. इतक्या वर्षांत त्या दाराशी ती कधी गेली नव्हती. सवयीनं तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली अन् बाजूला सरकली.

मंगलनं वाटी उचलली. तिच्या गाडग्यात मी होतोच, धडधाकट. वाटी भरून ती बाहेर आली, पण खाली ठेवली न्हाई.

"बाणूअक्का, हात करा."

बाणूबाईचा हात अर्ध्यावर अडला. मग तिनं दोन्ही हात पुढं केले. वाटी देता-घेता दोघींची बोटं एकमेकींना लागली अन् मी थोडा सांडलो. बाणूबाईनं मनगटावरचं दही चाटलं अन् तिचे डोळे भरले.

"हे तर माझंच हाय की गं."

"तुमचंच व्हतं. आता माझं बी हाय."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षानं अर्धी वाटी ताक घेतलं, तिसऱ्या दिवशी एक. गोळ्याही पुऱ्या झाल्या. सगळं श्रेय मी घेणार न्हाई, निम्मं घेईन. आता ती परत साय पळवायलीय.

मी सुखात आहे, दोन्ही घरांत. हिकडचं बिघडलं तर तिकडून येतो, तिकडचं संपलं तर हिकडून जातो. बाणूबाई आता वाटी खाली ठेवायला सांगत न्हाई.

तुमच्या घरी बी मी असेनच. एवढंच सांगणं, मला उकळू नका. अन् कुणी मागायला आलं, तर हातात द्या.