गोजरची हाक

माणूस मेलं की चार लोक रडायला येतात. नाव मेलं तर कुत्रंही फिरकत नाही.

रंजनाबाईचं माहेरचं नाव गोजर. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'रंजना' लिहिलं, आणि गोजर, मधलं बापाचं नाव, आडनाव, सगळं एका फटक्यात पुसलं गेलं. सासर सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथे गोजर म्हणायला कोण बसलंय? उरला एक भाऊ, नवसू. तोही चारचौघांत 'बाय' म्हणायचा. दोघंच असले की मात्र हळूच, "काय गो गोजर, बरी हायेस ना?" तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. पुढे नवरा गेला, लेकाने कल्याणला बिऱ्हाड केलं, तरी बाई तग धरून होती. यंदा शिमग्याला नवसू गेला आणि घर तिला खायला उठलं.

अशात भाच्याचा, नवसूच्या संदेशचा फोन आला. मुलीचं बारसं होतं. "मला बहीन नाय, आत्या. कानात नाव तूच सांगायचंस."

मुरबाडहून शहापूरची एसटी धरली तेव्हाच बाईने मनाशी ठरवलं. लाजायचं नाय. आज संदेशला सांगायचं, बाबा, मीच गोजर. एकदा तरी हाक मार.

घरी पोहोचते तर पोरीने रडून आभाळ डोक्यावर घेतलेलं. संदेशची बायको वैष्णवी जागरणाने पार उतरलेली. शेजारची जनाबाई पान जुळवत म्हणाली, "पोर उगीच रडत नाय. घरातलं मागं गेलेलं कोनतरी आपलं नाव मागतंय."

"सापडलं ते," संदेश म्हणाला. "दादा शेवटी शेवटी सारखे 'गोजर, गोजर' करायचे. लहानपनी वारलेली बहीन असंल त्यांची. काल पोरीला सहज गोजर म्हटलं, तर गपच झाली! आत्या, तुला आठवतं का गो तिचं?"

नवसू शेवटी आपल्यालाच हाका मारत होता, आणि आपण दुखरा गुडघा धरून घरात बसलो होतो! बोलायचं तर हीच वेळ होती. पण जिवंत माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत, त्या माणसाचं आयुष्य तुटतं म्हणतात. 'मीच ती' म्हटलं की पोरीला दुसरंच नाव बघतील, आणि गोजर आपल्याबरोबरच सरणावर जाईल.

"आठवतं ना," ती म्हणाली. "लय बडबडी. भावाच्या मागं मागं रानभर फिरायची."

"कशानं गेली बिचारी?" वैष्णवीने विचारलं.

"लगीन झालं, आन् गेली."

सगळ्यांनी चुकचुक केलं. जनाबाईने तर डोळ्याला पदर लावला.

पाळण्यात वाकून बाईने पोरीच्या कानात कुर्र केलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. डोळे भरून आले ते धपाट्यांनीच, असं समजून त्या खो खो हसल्या.

मग काय, जो तो पाळण्यापाशी येऊन, "गोजर! ए गोजर! इकडं बघ गो!" घरभर तोच गजर. दर हाकेला बाई मान वर करायची. ओठावर आलेला 'ओ' तिने दरवेळी गिळला, आणि घुगऱ्या वाटायला उठली.