आमनाचा पाय

तांड्यातल्या सत्काराला डॉक्टर रंजिता राठोडनं तीनदा नाही म्हटलं. चौथ्या वेळी तांड्याचे प्रमुख, नायक लखीराम, स्वतःच घाटंजीहून एसटीनं यवतमाळला आले आणि तिच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिले. "तुह्या याडीनं लोकाच्या वावरात सरकी टोबून तुले डॉक्टरीन केली, अन् तांड्यानं साधी शालबी घालू नाही काय?" आईचं नाव निघालं आणि रंजितानं होकार दिला.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मंडप पडला. फलकावर तिचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'बॉम्ब पडताना न डगमगलेली तांड्याची लेक'. ते वाचून ती फलकाकडं पाठ करून बसली. कारण त्या ओळीचं मूळ तिच्याच तोंडातून निघालं होतं.

सुदानमधल्या युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करायला ती सहा आठवडे गेली होती, बिनपगारी, स्वतःहून. परत आल्यावर यवतमाळच्या एका वार्ताहरानं विचारलं, "बॉम्ब पडले तेव्हा तुम्ही काय केलं, मॅडम?" ती म्हणाली, "काम चालूच होतं." शब्द खोटा नव्हता. काम चालू होतं खरं; फक्त ती तिथं नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाजारात भाकरी विकणाऱ्या एका बाईला आणलं होतं. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसून मोठी रक्तवाहिनी फाटलेली. दवाखान्यापर्यंत पोचायलाच तिला चार तास लागले होते. रंजितानं जखम उघडली, फाटलेली जागा सापडली, हुस्ना नावाच्या तिथल्या परिचारिकेनं त्यावर बोटं दाबून धरली. आणि तेवढ्यात शेजारच्या गल्लीत स्फोट झाला. दिवे गेले, छताचा गिलावा खाली आला. पुढचं रंजिताला नीट आठवत नव्हतं. आठवत होतं ते तळघर, धुण्याच्या चादरींचा ढीग, त्यात तोंड खुपसून बसलेली आपण, आणि वरून ऐकू येणारी हुस्नाची हाक. "डॉक्टर! डॉक्टर!" हाक स्पष्ट ऐकू येत होती. तरी ती उठली नाही.

ती वर गेली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. हुस्ना तशीच वाकलेली होती, बोटं जखमेत. तिनं मान वर करून एवढंच म्हटलं, "हात धुऊन या." रक्तवाहिनी जोडली, बाई वाचली. पण पाय गार पडत गेला आणि तिसऱ्या दिवशी तो मांडीतून कापावा लागला. 'तसाही गेला असता,' असं वरिष्ठ म्हणाले. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. उलट त्या संध्याकाळी हुस्नानं तिला साखर जास्त घातलेला चहा आणून दिला. त्या चहानं ती जितकी ओशाळली, तितकी शिव्यांनीही ओशाळली नसती. पुढं तिनं दिवसाला आठ-आठ शस्त्रक्रिया केल्या. पण ते चाळीस मिनिटांचं तळघर काही भरून निघालं नाही.

मंडपात शाल झाली, नारळ झाला. पहिल्या रांगेत तिची याडी धनीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. रंजितानं माईक हातात घेतला. आधी ठरवलेले आभाराचे चार शब्द तिनं बाजूला ठेवले.

"त्या फलकावर लिवलं ते खरं नाही," ती म्हणाली. "बॉम्ब पडला तवा मी पळाली. टेबलावर बाई उघडी टाकून पळाली. एका नर्सनं तिले वाचवलं. बाईचा पाय गेला."

मग लखीरामनं लगबगीनं माईक घेतला. "पाहा, मोठं माणूस कसं असते! इतकं करून वरून स्वतःले नावं ठेवते. वाजवा टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या. खरं बोलूनही रंजिता मोठीच ठरली होती, आणि ती लाज आधीच्या लाजेहून जड होती.

टाळ्या थांबल्या तशी तांड्यातली म्हातारी रुपीबाई खाली बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, तिचं नाव काय होतं?"

"कोणाचं, आजी?"

"पाय गेला तिचं."

रंजिताला खाट आठवत होती, अकरा नंबरची. "मले नाही माहीत, आजी."

डोक्यावरचा पदर सारखा करून रुपीबाईनं नजर दुसरीकडं वळवली.

घरी येऊन रंजितानं हुस्नाला लांबलचक निरोप लिहिला. तळघराचं सगळं लिहिलं, माफी मागितली आणि शेवटी नाव विचारलं. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'तिचं नाव आमना. बहिणीकडं असते. भारतातल्या डॉक्टरीणबाईंनी वाचवलं म्हणून तुमच्यासाठी दुआ मागते. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा. मी शुक्रवारी तिच्याकडं जाणार आहे.'

शुक्रवारी दुपारी रंजितानं फोन लावला. याडी शेजारी बसली होती. तिला बाहेर पाठवावं असं रंजिताला वाटलं, पण पाठवलं नाही. पलीकडं आमनाचा आवाज आला, हसरा, भरभर बोलणारा. हुस्ना तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होती, रंजिताचं तिला अरबीत. रंजितानं सगळं सांगितलं. हसू थांबलं. मागच्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या.

मग आमनानं विचारलं, "तुला हाक ऐकू येत होती?"

"येत होती."

"मला पण ती ऐकू येत होती," आमना म्हणाली. "मला वाटायचं, ते स्वप्न होतं." आणि तिनं फोन हुस्नाच्या हातात दिला. हुस्नानं हलक्या आवाजात सांगितलं, की ती आत निघून गेली आहे, आज आणखी बोलायची नाही.

रंजितानं फोन खाली ठेवला. इंग्रजी बोलणं याडीला कळलं नव्हतं, पण लेकीचं तोंड कळत होतं.

"माफ केलं का तिनं?"

"नाही, याडी."

"मंग तिनं काहून करावं?" धनीबाई हळूच म्हणाली, आणि लेकीचा हात हातात धरून तशीच बसून राहिली.