तांब्याभर वजन

वल्लरी दुपारी झोपली की मला साधारण तासभर मिळतो. त्यात भांडी, कपडे, ऑफिसच्या मेल्स आणि उरलंच काही तर माझं मी. आज भांडी राहू देत.

कसबा पेठेत माझ्या बाबांकडे एक वजनकाटा आहे. काळ्या काचेचा, वायफायवाला. बाबा त्यावर अनवाणी उभे राहिले की त्यांचं वजन इकडे वारज्यात माझ्या मोबाइलवर येतं. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून घरी आले ते जेमतेम पन्नास किलोचे होऊन. शर्ट अंगात घातल्यासारखा नाही, हँगरला लावल्यासारखा दिसायचा. वजन वाढायला हवं, डॉक्टर म्हणाले. म्हणून आमोदनं, माझ्या नवऱ्यानं, हा काटा मागवला आणि मोरीच्या दाराशी ठेवून सगळं जोडून दिलं.

बाबांनी काट्याकडे चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे हा राहणार माझ्याकडे आणि चुगल्या करणार तुमच्याकडे."

"अहो बाबा, काळजी वाटते म्हणून."

"पूर्वी काळजी वाटली की लोक फोन करायचे."

मी हसण्यावारी नेलं. खरं तर काटा आल्यापासून माझा सकाळचा फोन बंदच झाला होता. वल्लरीला भरवता भरवता मोबाइलवर आकडा दिसला की बाबा उठले, आंघोळीला निघाले, बरे आहेत, एवढं कळायचं. आणखी काय विचारायचं?

अट मीच घातली. "गुढीपाडव्यापर्यंत पंचावन्न किलो. नाही झाले, तर घर बंद करून आमच्याकडे यायचं. कायमचं."

"वारज्याला येऊन मी काय करू? आपल्या बाल्कनीतून समोरची बाल्कनी बघू?"

"नातीला बघा."

"ती मला बघायला येईल की. तिला पाय फुटले की."

बाबांनी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमचं घर तांबट आळीच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर. सकाळी खाली तांबटांचे भांड्यांवर ठोके सुरू झाले की बाबा उठणार, चहा होईपर्यंत खिडकीत उभे राहणार, कोणाचा हात आज जड पडतोय ते सांगणार. आई असताना हे ती ऐकायची. आईला जाऊन तीन वर्षं झाली. आता ते कोणाला सांगतात, मी कधी विचारलं नव्हतं.

अट घालून घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की माझ्या तोंडून आई बोलली होती.

मी दुसरीत होते. टायफॉइडनं माझी नुसती काडी झाली होती. सुट्टीत वर्गातल्या सगळ्या मुली पोहायला जाणार, आणि आईनं जाहीर केलं, "वीस किलो झाल्याशिवाय ही पाण्यात उतरणार नाही." मग दर रविवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनवर न्यायचे. तिथं ते वजनाचं मशीन होतं. लाल-पिवळे दिवे, काचेमागं गरगरणारी रंगीत चकती. नाणं टाकलं की पोटातून घरघर यायची आणि खाली जाड कागदाचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मला प्रवासयोग, धनलाभ, थोरांची मर्जी सगळं यायचं, फक्त वीस यायचे नाहीत.

एका रविवारी आले. तिकीट हातात पडायच्या आधी माझ्या टाचेला मागून काहीतरी ऊबदार लागलं होतं. खाली बघितलं तर बाबांचा चपलेतून निघालेला अंगठा, मशीनवर चांगला दाबून धरलेला. आणि बाबा मात्र मान वर करून गाड्यांचा फलक वाचत होते.

"लेट आहे गाडी," ते म्हणाले. आम्ही कुठल्याच गाडीनं जाणार नव्हतो.

घरी आईनं तिकीट बघितलं, मग मला बघितलं, मग बाबांना. "अहो, एका आठवड्यात दीड किलो?"

"भविष्यपण वाच ना, श्यामला. तेही चांगलं आलंय."

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या पिशवीत टॉवेल ठेवला, आणि जाताना बाबांच्या पायांकडे बघून म्हणाली, "नखं कापा जरा." त्या सुट्टीत मी पोहायला शिकले.

तर बाबांचं वजन वाढू लागलं. आधी अर्धा किलो. मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं. मोबाइलवरची रेघ शहाण्या मुलीसारखी वर चढत होती. मी पाठवलेले डिंकाचे लाडू लागू पडले म्हणून मी आमोदपुढं मिरवलंसुद्धा. संक्रांतीनंतर आकडा चौपन्नपर्यंत गेला.

आणि गेल्या शनिवारी सकाळी, वल्लरीच्या तोंडात नाचणीची खीर घालत असताना, मोबाइल वाजला. एक्कावन्न. खाली प्रश्न होता: हे वजन ओळखीचं नाही, घरी कोणी पाहुणे आले आहेत का? हा काटा माणसं वजनावरून ओळखतो. मी बघते आहे तोवर दुसरा आकडा आला. चौपन्न पूर्णांक दोन. हे बाबा, असं त्यानं बिनदिक्कत सांगून टाकलं.

इतक्या सकाळी बाबांकडे पाहुणा कोण? मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग वल्लरीला तशीच खिरीच्या तोंडानं कडेवर घेतली आणि रिक्षा पकडली. बाकीचं सगळं पुलावर सुचलं: काटा बिघडला असेल, बाबा पडले असतील, कोणी घरात शिरलं असेल.

माझ्याकडे किल्ली आहे. दार उघडलं तर बाबा खिडकीत बसून पेपर वाचत होते.

"कोण आलं होतं बाबा?"

"आत्ता? तू."

"सकाळी! काट्यावर कोणी पाहुणा उभा होता."

बाबांनी पेपरची घडी घातली. मी मोरीकडे गेले. काट्याच्या शेजारी आईची तांब्याची छोटी कळशी होती, अर्धी भरलेली. तिच्या पलीकडे तांब्या. आम्ही कोणी त्या मोरीत तांब्या-कळशी वापरत नाही, गीझर लागल्यापासून तर नाहीच. मी कळशी उचलून बघितली. तीन-सव्वातीन किलो सहज.

"कधीपासून?"

"आधी रिकामा तांब्या घेऊन उभा राहायचो. मग त्यात दर दोन-तीन दिवसांनी दोन बोटं पाणी. तांब्या पुरेना तेव्हा कळशी. एकदम वाढवलं असतं तर तुला संशय आला असता." जरा थांबून म्हणाले, "तुमचं ते मशीन शरीरातलं पाणी किती ते सांगतं म्हणे. हातातलं नाही सांगत."

"आणि आज? आज कळशी का विसरलात?"

"विसरलो नाही. खरं किती आहे ते मलाही बघायचं होतं. रोज चौपन्न बघून वाटायला लागलं होतं, की असेलही."

मला ओरडायचं होतं, पण काट्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या बाबांना त्यानं पाहुणा म्हटलं होतं. आणि मी तो आकडा घेऊन रोज निवांत बसत होते.

"लाडू?" मी विचारलं.

"डबा भरलेला आहे. एकट्यानं लाडू काय खायचा, अपू? लाडू कोणीतरी 'अजून एक घ्या' म्हटल्यावर खायचा असतो."

वल्लरीनं तेवढ्यात कळशीत हात घालून पाणी उडवलं. बाबा हसले, पण त्यांचे डोळे माझ्याकडे होते. घर बंद करायचं ठरलं का, एवढंच ते बघत होते.

"अट रद्द," मी म्हणाले. "पण डॉक्टरांकडे आजच जायचं. खरा आकडा सांगून."

डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. "जेवत नाहीत, दुसरं काय," ते म्हणाले. "कोणीतरी सोबत बसा." आता मी सोमवार, बुधवार, शुक्रवार लॅपटॉप आणि वल्लरीला घेऊन कसब्यात जाते. आम्ही तिघं एकत्र जेवतो. वल्लरी भाताची शितं बाबांच्या धोतरावर लावते. खाली ठोके चालू असतात, आणि बाबा तिला सांगतात कोणाचा हात जड पडतोय. उरलेल्या दिवशी मी फोन करते. काट्यावर फक्त शुक्रवारी, माझ्यासमोर, हात मोकळे ठेवून.

काल पहिला शुक्रवार होता. बाबा उभे राहिले, मी मागं. आकडा हलत होता, आणि माझा अंगठा आपसूक काचेच्या कडेपाशी गेला.

"काढ तो पाय," बाबा खाली न बघता म्हणाले.

"लावलाच नाहीये अजून."

"लावूही नकोस."

बावन्न. एक किलो वाढलं होतं, खरंखुरं. मी टाळ्या वाजवल्या, वल्लरीनंही वाजवल्या. मग माझी नजर ओट्यावर गेली. तांब्या पालथा होता, आणि खाली ओला गोल.

"बाबा, तुम्ही काट्यावर यायच्या आधी पाणी प्यायलात?"

"तहान लागली होती."

"अख्खा तांब्या?"

"आता ते माझ्या आत आहे ना?" बाबा काट्यावरून उतरले. "मग वजन माझंच. चल, पानं घे."

मी पानं घेतली. त्यांनी लाडू एक खाल्ला. मी म्हटलं, "अजून एक घ्या," आणि त्यांनी घेतला.

वल्लरी उठली वाटतं.