गुंडोपंतांच्या पश्चात

इंद्रायणी आत्याआजी एक्केचाळीस वर्षांनी आमच्या घरी आली, पायरीवर चप्पल काढली आणि म्हणाली, "दार कधी बदललं?"

हे वाक्य वाचलं नाही असं समजावं. मीही लिहिलं नाही असं समजतो. ती आलेली नाही. ती वळसंगला आहे, सोलापूरपासून एसटीनं पाऊण तास, आणि तिला यायचंही नाही. दार जुनंच आहे.

तर मी राजस दुधनीकर, वय तेवीस. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो असं घरी सांगितलेलं आहे. अभ्यास टाळायला माणूस कुठवर जाईल याचा नेम नाही. मी सतराव्या शतकापर्यंत गेलो. म्हणजे घराण्याची वंशावळ करायला घेतली. वरचं सगळं बिनबोभाट झालं, कारण वरच्यांपैकी कोणी हरकत घ्यायला नव्हतं. अडलं पणजोबांपाशी.

पणजोबा गुंडोपंत, मराठी शाळेचे हेडमास्तर. ते कोणत्या साली वारले यावर घरात दोन मतं आणि एक तिथी निघाली. बाबा म्हणाले त्र्याऐंशी, कारण क्रिकेटचा वर्ल्ड कप त्याच सुमाराला. मोठी आत्या फोनवर म्हणाली पंच्याऐंशी, कारण तिचं लग्न त्यामुळे लांबलं आणि तो राग तिच्या अजून लक्षात आहे. आजोबा, म्हणजे गुंडोपंतांचे चिरंजीव कमलाकर, पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त, यांना फक्त तिथी पाठ. ज्येष्ठ वद्य तृतीया.

"पण आजोबा, सन?"

"सनाचं काय, दरवर्षी नवीन येतो," असं म्हणून ते पेपरात शिरले.

म्हणून मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर जाऊन अर्ज भरला. अर्जात पहिलाच रकाना 'मृत्यूचा दिनांक'. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, दिनांक सापडावा म्हणून तर आलोय, त्र्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यानचा. त्या म्हणाल्या, "मग तिन्ही सन लिहा आणि सोमवारी या." सोमवारी त्यांनी खरोखरच काढून ठेवलं होतं: १६ जून १९८४, राहत्या घरी. माहिती देणाऱ्याचं नाव कमलाकर, नातं मुलगा. बाबा आणि आत्या दोघं हरले आणि दोघांनी मलाच बोल लावला.

आता एकच फांदी रिकामी राहिली. गुंडोपंतांची मुलगी, आजोबांची धाकटी बहीण, इंद्रायणी आत्याआजी. तिच्याशी भांडण आहे असं घरात कधी कोणी म्हणायचं नाही. "ती येत नाही," एवढंच म्हणायचे. नळाला पाणी येत नाही म्हणावं तसं. फरक इतकाच की पाणी चार दिवसांनी तरी यायचं.

मी वंशावळीचं भेंडोळं घेऊन वळसंगला गेलो. घराच्या कट्ट्यावर निंगप्पा आजोबा बसले होते, आत्याआजीचे यजमान. मी नाव सांगायच्या आत त्यांनी दारातून आत हाक घातली.

"इंद्रे, तुज्या म्हायेरचं पोरगं आलंय बग. नाक बग की, मास्तरांचंच हाय. बा, बा, ये, बस हितं."

आत्याआजीनं काही न विचारता भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. दोन भाकऱ्या होईपर्यंत माहेरचा विषय काढला नाही. मग मी भेंडोळं उलगडलं. तिनं चष्मा लावला, बोट सरकवत गुंडोपंतांपर्यंत आली आणि रिकाम्या चौकोनावर थांबली.

"खोड हे."

"काय?"

"माझा चौकोन. गुंडोपंतांच्या पश्चात मी नव्हते. पेपरातच आलं होतं तसं."

हे सगळं तिनं भाजी निवडत सांगितलं. त्र्याहत्तर साली हेडमास्तरांच्या मुलीनं तेलाच्या गिरणीतल्या निंगप्पा बिराजदारशी लग्न केलं. घर तीन वर्षं गप्प. मग तिची आई, रुक्मिणी, शहात्तरला गेली आणि त्या दिवाळीपासून गुंडोपंत स्वतःच एसटीनं वळसंगला यायला लागले. हातात पिशवी, पिशवीत चकल्या, चकल्या विकतच्या. जावयाशी ते बोलायचे नाहीत, पण नातीला पाढे म्हणायला लावताना जावयानंही ऐकावेत इतपत मोठ्यानं बोलायचे.

ते वारले त्या शनिवारी ती लगेच सोलापूरला गेली, रात्रभर बसली. लेकीला ताप होता म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं परत फिरली, दहाव्याला येते म्हणून. इकडे निंगप्पा आजोबा रविवारच्या गर्दीत सलूनमध्ये नंबर लावून बसले होते. घरी पेपर येत नसे, सलूनमधलाच हातात आला. त्यात मास्तरांची निधन वार्ता.

"एक मुलगा म्हनलाय, सून म्हनलाय, नातवंडं म्हनलाय," निंगप्पा आजोबा म्हणाले. "मुलगी न्हायच. मी दोनदा बगितलो. माजी शाळा कन्नड, मराठी हळू वाचतो मी, पर हिचं नाव मला कुटं बी वळखू येतंय की."

"आणि एसटीतून उतरल्या उतरल्या मला सांगितलं यांनी," आत्याआजी म्हणाली. "मी दहाव्याला गेले नाही. मला वाटलं, कमलाकर येईल विचारायला, का आली नाहीस म्हणून. आला असता तर केरसुणीनं हाणला असता आणि मग गेले असते."

"ते कात्रण आहे?"

"न्हावी त्यावर वस्तऱ्याचा फेस पुसला," निंगप्पा आजोबा म्हणाले. "माज्याच दाढीचा."

"आत्याआजी, आजोबांनी तुला मुद्दाम नसेल गं वगळलं."

"मग दाखव. छापील दाखव, येते. तोंडी समजूत नको, ती यांनी लई घालून झाली."

घरी येऊन मी आजोबांना विचारलं, आत्याआजी का येत नाही. ते म्हणाले, "बापाच्या दहाव्याला जी आली नाही तिला मी काय पाय धरून आणू? सगळं रीतसर केलं होतं मी." आणि पुन्हा पेपरात शिरले. ते त्र्याऐंशीचे, ती पंचाहत्तरची. पेपरात शिरायला दोघांकडे फार वर्षं शिल्लक नव्हती.

तो पेपर म्हणजे 'दैनिक जनसोबती'. बंद पडूनही जमाना झाला. बंद पडला तेव्हा कोणी खुर्ची नेली, कोणी पंखा नेला; छपाईचे खिळे जुळवणारे मल्लेश अण्णा जुन्या अंकांच्या बांधीव फाइली घेऊन गेले. शहराच्या पूर्व भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि त्यातली एक खोली जनसोबतीची आहे.

"चौऱ्याऐंशी?" अण्णांनी विचार केला. "हाय की. फ्रिजखाली हाय."

घरात पाणी शिरलं तेव्हा फ्रिजला उंची द्यायला त्यांनी तो खंड निवडला होता, कारण तोच सर्वांत जाड. आम्ही फ्रिज रिकामा केला. दही निघालं, औषधं निघाली, लिंबं निघाली, एक झाकलेली वाटी निघाली.

"हे काय आहे, अण्णा?"

"ते उघडू नको. चौऱ्याऐंशीचंच असंल."

तारीख माहीत असूनही मी जानेवारीपासून वाचायला लागलो. सोडवेना. मिलच्या पाळ्या बदलल्याची सूचना, दहावीच्या निकालाचे नुसते नंबर, हरवलेल्या काळ्या शेळीचं वर्णन (उजवा कान फाटका, स्वभाव गरीब). आजोबा सांगतात, मिलचा भोंगा झाला की अख्खं सोलापूर घड्याळाकडे न बघताच चालायला लागायचं. ते मी कधी ऐकलेलं नाही, पण त्या पानांवर शाईच्या वासाबरोबर थोडं ऐकू आलं. आणि माणसं मरत होती. रोज तीन-चार. सगळी मनमिळाऊ आणि परोपकारी.

"अण्णा, सोलापुरात एकही खडूस माणूस वारला नाही?"

"वारले की. पर खडूस म्हनून परत कोन जुळवत बसनार? मनमिळाऊ तयार हुतं." अण्णांनी हातानं अंदाजे वीतभर चौकोन दाखवला. "निधन वार्तेचा मजकूर सुतळीनं बांधून ठेवत हुतो. नवीन मानूस आला की नाव बदलायचं, खालचा परिवार बदलायचा. मनमिळाऊला हात लावत नव्हतो."

१७ जून, पान तीन. सापडली.

'येथील निवृत्त मुख्याध्यापक गुंडोपंत दुधनीकर यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.'

आत्याआजी खरंच नव्हती.  मग मी पुन्हा वाचलं. पत्नी? पणजी रुक्मिणी शहात्तरला गेली होती. म्हणजे आठ वर्षांपूर्वी वारलेली बाई या परिवारात धडधाकट होती आणि जिवंत मुलीचा पत्ता नव्हता.

मी मागची पानं उलटली. १६ जून. दुधनीचे आडत व्यापारी चनमल्लप्पा यांचे निधन. मनमिळाऊ, परोपकारी. पश्चात पत्नी, एक मुलगा, सून व नातवंडे.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाव बदललो," ते हळूच म्हणाले. "खालचं बदलायचं ऱ्हायलं."

म्हणजे एक्केचाळीस वर्षं आत्याआजी चनमल्लप्पांच्या कुटुंबात आपण का नाही म्हणून रुसून बसली होती.

 मग अण्णांनीच थुंकी न लावता, जपून, पुढची पानं उलटली. १८ जून. अगदी तळाला, बोअर मारून मिळेलच्या जाहिरातीवर:

'खुलासा : कै. गुंडोपंत दुधनीकर यांच्या निधन वृत्तातील परिवाराचा तपशील चुकीचा आहे. त्यांच्या पश्चात चिरंजीव कमलाकर, कन्या सौ. इंद्रायणी निंगप्पा बिराजदार (रा. वळसंग), सून, जावई व नातवंडे असा परिवार आहे.'

"हे आटवतंय मला," अण्णा म्हणाले. "डोक्याचं मुंडन केलेला एक मानूस आलता, रविवारी, भर दुपारी. पाणी दिलो तर घेतला न्हाय. जावई शब्द जुळलेला डोळ्यानं बगितला तवा उठला."

आमच्या घरात तोवर निंगप्पांना कोणी जावई म्हटलेलं नव्हतं. आजोबांनी ते खिळ्यात घालून घेतलं, घरी आले आणि बहिणीची वाट बघत बसले. छापून आलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असा त्यांचा आजही समज आहे. मी मोबाइलवर १८ जून १९८४ चा वार काढला. सोमवार. सोमवारी सलून बंद.

झेरॉक्स काढून वळसंगला नेली. आत्याआजीनं ती वाचली. मग फक्त 'सौ.'पासून 'वळसंग'पर्यंत परत वाचली, शाळेत धडा वाचतात तशी, मोठ्यानं.

"माजं हाय का त्यात?" निंगप्पा आजोबांनी विचारलं.

"तुम्ही दोनदा आहात. एकदा नावानं, एकदा जावई."

ते उठले. आत जाऊन धुतलेली टोपी घालून आले आणि म्हणाले, "गाडी किती वाजता हाय?"

पुढचं तुम्ही अगदी सुरुवातीलाच वाचलेलं नाही. आत्याआजीनं पायरीवरून दाराबद्दल विचारलं. आजोबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"खुलासा वाचला नाहीस?" त्यांनी विचारलं.

"सलून बंद होतं."

"एक्केचाळीस वर्षं?"

"सोमवारी."

आजोबांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. आत्याआजी म्हणाली, "एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं रे तुला, कमल्या?" आजोबा म्हणाले, "आणि तुला?" मग दोघंही एकदम रागावली, पण एकमेकांवर रागावून झालं होतं, ज्यांनी खुलासा जपून ठेवला त्या अण्णांवर रागावता येत नव्हतं आणि निंगप्पा आजोबा तर चकली खात होते. तेव्हा आजोबांनी मला कागद आणायला सांगितला, घसा खाकरला आणि कचेरीतल्या आवाजात मजकूर घातला. आत्याआजी मधूनमधून दुरुस्त्या सांगत होती. तो असा:

प्रति,
मा. संपादक,
दैनिक जनसोबती (बंद), सोलापूर.

विषय : खुलासा एक दिवस अगोदर छापणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या दि. १८ जून १९८४ च्या अंकातील खुलाशाच्या मजकुराबाबत अर्जदारांची कोणतीही तक्रार नाही. तथापि तो एक दिवस विलंबाने प्रसिद्ध झाल्याने अर्जदार क्र. १ (भाऊ) व अर्जदार क्र. २ (बहीण) यांच्या एकूण एक्केचाळीस भाऊबिजा प्रलंबित राहिल्या आहेत. सबब, सदर खुलासा दि. १७ जून १९८४ च्या अंकातच समाविष्ट करून तो अंक पहिल्या एसटीने वळसंग येथे रवाना करावा आणि प्रलंबित भाऊबिजा अर्जदारांस त्या त्या वर्षीच्या वयासह परत मिळाव्यात, ही नम्र विनंती.