पाणी निजण्याची वेळ

ओल्या काथ्याच्या दोराचा वास आला, की हिरामावशी समोर उभी राहते. चर्चमध्ये संध्याकाळी सातची घंटा वाजू लागली की ती केळीच्या पानांआडून यायची, विहिरीच्या कप्पीवरून दोर उतरवून त्याचं वेटोळं करायची, कोनाड्यातल्या शेंदरी दगडापुढे पणती लावायची आणि पाळण्यातलं मूल जागं होऊ नये अशा आवाजात म्हणायची, ‘‘पानी निजलं.’’ त्यानंतर सकाळी कावळा ओरडेपर्यंत विहिरीत बादली पडत नसे. देव तिचा आणि वेळ चर्चची, यात तिला कधी काही विसंगत वाटलं नाही. दिवस संपल्याचं कुणीतरी सांगतंय, एवढं तिला पुरेसं होतं.

वसईतली आमची सोळा फ्लॅटची इमारत नव्वदच्या दशकात तिच्याच वाडीच्या अर्ध्या तुकड्यावर उभी राहिली. नळाचं पाणी अजून आलं नव्हतं. विहीर तिने स्वतःकडे ठेवली, पाणी आम्हाला दिलं, अट एकच घातली: घंटेनंतर मोटर नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी. दारामागच्या खिळ्याला यादी टांगल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे, आणि त्या यादीत संध्याकाळी मोटर सुरू करून घेणं हे एकच काम वर्षभर अडून बसलं होतं. माणसं कामावरून परतायची संध्याकाळी, आणि पाणी बंद व्हायचं तेही संध्याकाळीच.

एका मार्चमध्ये मी सात मुद्दे लिहून तिच्या ओट्यावर गेले. ती मिरच्यांची देठं खुडत होती. पाठीवर पडलेलं कलतं ऊन तिच्या पिकल्या केसांतून झिरपत खाली उतरत होतं. तिने सातही मुद्दे नीट ऐकून घेतले.

‘‘तुज्या यादीत तुजी झोप किती वाजता हाय गं बाय?’’

‘‘अकरा.’’

‘‘आनि हिची?’’ तिने हनुवटीने विहीर दाखवली.

‘‘मावशी, विहीर झोपत नाही.’’

‘‘मग तू रोज तिच्या उशाशी मोटर कशाला लावतेस? उठवायलाच ना?’’ असं म्हणून ती हसली आणि मूठभर मिरच्या माझ्या ओच्यात टाकल्या. ‘‘आठवं माजं लिव. ती पन दमते.’’

मी लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये ती लेकीच्या तिसऱ्या बाळंतपणाला कळंबला गेली. त्याच संध्याकाळी मी सभा बोलावली, आणि सात ते अकरा मोटर सुरू झाली. सोळा घरांत एकदम पाण्याचा आवाज झाला. माझी पाठ थोपटली गेली. दोनेक आठवड्यांनी सकाळच्या चहात दूध फाटलं. मी यादीत लिहिलं: ‘दूधवाला बदलणे.’ बदलला. नव्या दूधवाल्याचंही दूध फाटलं. मग तूरडाळ शिजेना. तेव्हा कुठे मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, आणि जिभेला खाडी लागली.

आजूबाजूच्या तीन वाड्यांच्या विहिरी अशाच गेल्या होत्या. तिथे दिवसरात्र टँकर भरत, उपसलेल्या गोड्या पाण्याच्या जागी खाडीचं पाणी आत शिरे, आणि एकदा खारं झालेलं पाणी गोडं झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हिरामावशीच्या केळी, तिची पानवेल, आमची सोळा घरं, सगळं त्या एका गोल काळोखावर उभं होतं, आणि तो मी उपसला होता.

ती परतली तेव्हा मी फाटकातच उभी होते. सांगायचं ते मनात क्रमाने लावून ठेवलं होतं. तिने बोलू दिलं नाही. सरळ विहिरीवर गेली, पाणी चाखलं, थुंकलं नाही, गिळलं. मग कठड्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली, जसं तापातल्या माणसाजवळ राहतात.

‘‘लेकीला बाळंतपनाचे बारा दिवस निजवून आले,’’ ती म्हणाली. ‘‘आता हिला. कुनी हात लावायचा नाय.’’

मी मोटरचा फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो कोनाड्यात दगडाशेजारी ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं.

ते बारा दिवस मी टँकरच्या रांगेत सोळा घरांची बोलणी खाल्ली. तळमजल्यावरचे काका रोज विचारत, ‘‘काय सेक्रेटरी, उठली का तुमची बाळंतीण?’’ मी मात्र तिच्याकडे पाहत होते. घंटा झाली की ती यायची. दोर आधीच उतरलेला, तरी कप्पीवरून हात फिरवायची. श्रद्धा म्हणजे जिथे हिशेब संपतो तिथे टेकायची भिंत, असं मी समजत होते. तिच्यापाशी ती पाहण्याची एक रीत होती. समोरच्याला आधी जीव द्यायचा. मग त्याची भूक, त्याचा थकवा, त्याची हद्द आपोआप दिसू लागते. माझ्या यादीत पाणी किती, एवढाच रकाना होता. तिने पाण्याला माणसात घेतलं होतं, म्हणून मला न दिसलेली समुद्राची वाट तिच्या हातांना ठाऊक होती.

तेराव्या दिवशी तिने विहिरीला हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला आणि पहिली बादली काढली. सगळी इमारत अंगणात उतरली होती. तांब्या तिने माझ्यापुढे धरला. मी प्यायले. उसाच्या कांड्यासारखं गार आणि गोड. मी तांब्या काकांकडे दिला, त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, ‘‘चहा टाका.’’ सोळा घरांत चहा झाला. एकाही घरात दूध फाटलं नाही. त्या रात्री मी दारामागच्या यादीत आठवा मुद्दा लिहिला: ‘ती पण दमते. सातला निजवणे.’

आता नळ आहे, हिरामावशी नाही. विहीर आहे, आणि सातला मोटर बंद होते. तिला कधीही न पाहिलेली पोरं घंटा झाली की खेळता खेळता ओरडतात, ‘‘पानी निजलं!’’, अगदी तिच्याच उच्चारात. झालेल्या कामावर रेघ मारायची माझी सवय अजून आहे. पण दारामागच्या यादीतल्या आठव्या मुद्द्यावर मी कधी रेघ मारली नाही. जिला जाऊन इतकी वर्षं झाली, ती रोज संध्याकाळी घंटेबरोबर येऊन तो पुरा करून जाते.