फुटक्या पॅनलवरची मिशी

गावाचं नाव सांगत नाही. वेल्ह्याच्या डोंगरात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर त्यावरूनही दोन पॅनलं पडतील. तिथं माणसाला आधी पॅनल असतं, मग आडनाव. एक रामभाऊंचं आणि एक आनंदरावांचं. लग्नाच्या पंगतीला, मयताला, डेअरीच्या रांगेला माणसं पॅनलप्रमाणे उभी राहतात. देवळात मारुती मात्र एकच आहे. ही अडचण अजून सुटलेली नाही.

अश्विनी आनंदरावांच्या पॅनलमधून ग्रामपंचायतीवर निवडून आलेली. खालच्या वस्तीची, विहारामागच्या घरातली. उभी राहिली ती पाण्यासाठी. वस्तीत नळ होते, टाकी होती, नदीवर मोटर होती. विजेच्या ताराही होत्या, फक्त वीज त्यांच्यातून यायला तयार नव्हती. एका उन्हाळ्यात तिची सासू, सगुणाबाई, हंडा घेऊन नदीच्या वाटेवर घसरली. मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. त्याच आठवड्यात आनंदराव वस्तीवर आले, विहाराच्या पायरीवर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही उभ्या राहा. पाणी मी आणतो." अश्विनीने दारोदार जाऊन तेच सांगितलं. पाणी आणते. लोकांनी मत तिला दिलं, आनंदरावांना नाही. आता हंडा घेऊन नदीला निघालेली प्रत्येक बाई तिच्या दारावरून जाते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अश्विनी जिंकली, पण सरपंच झाले रामभाऊ. त्यांच्या काळात वस्तीच्या मोटरीसाठी सोलरची पॅनलं आली. उद्घाटनाला रामभाऊ नारळ घेऊन हजर.

"नारळ कशाला भाऊ? बटण दाबा की," सगुणाबाई म्हणाली.

रामभाऊंनी नारळ फोडायला दगड शोधला. बायकांनी सकाळपासून जागा इतकी झाडून काढली होती की दगड राहिलाच नव्हता. मग रामभाऊंनी हाताशी होतं त्याच्यावर, म्हणजे कडेच्या पॅनलवर, नारळ आपटला. नारळाला काही झालं नाही. पॅनलच्या काचेवर मात्र मधोमध कोळ्याचं जाळं उमटलं. रामभाऊंनी खिशातून निवडणुकीतलं उरलेलं स्टिकर काढलं, हात जोडलेला, मिशीला पीळ दिलेला स्वतःचा फोटो, आणि जाळ्यावर चिकटवलं. टाळ्या पडल्या.

आठवडाभर पाणी आलं. मग एक टेम्पो आला आणि पॅनलं वॉरंटीत दुरुस्त करायला म्हणून सगळीच घेऊन गेला, फुटलेलं एक आणि न फुटलेली बाकीची. ती आजतागायत दुरुस्त होत आहेत.

"रामभाऊनं पॅनलं खाल्ली," आनंदराव चावडीवर सांगत सुटले. रामभाऊंना साधा वडापाव पचत नाही, तरी लोकांनी विश्वास ठेवला. अश्विनीनेही ठेवला. मग यंदाच्या मे महिन्यात रामभाऊंचं पॅनल फुटलं, ह्या खेपेला नारळाशिवाय, आणि आनंदरावांनी अविश्वास ठराव आणला. अश्विनीने हात वर केला तर रामभाऊ जाणार. नाही केला तर राहणार, आणि ठराव परत लवकर आणता येत नाही.

अशा वेळी सदस्यांना सहलीला नेतात. सहल म्हणजे मोबाईल काढून घेतात आणि कोंबडी खायला घालतात.

"सून एकटी जायची न्हाई," सगुणाबाईने जाहीर केलं. "मीबी येनार. मला कोंबडी चालती."

सोमनाथची जीप आली. जीपमध्ये डेक होता, डेकवर आनंदरावांच्या पॅनलचं गाणं. नसरापूरच्या स्टँडवर कुणालाही उतरू दिलं नाही, चहा खिडकीतून आत आला. कामथडी मागे पडली, भोर मागे पडलं, तेच गाणं सुरू. सोमनाथ म्हणाला, बटण तुटलंय, बंद होत नाही.

भाटघरच्या पाण्याकाठी उतारावर एक बंगला होता. आनंदरावांच्या मेव्हण्याचा. मेव्हणा पुण्यात, बंगला इथं, आणि दोघांच्या मधे गेनबा नावाचा राखणदार. बंगल्यापुढे लाकडी फळ्यांचा प्रशस्त ओटा बाहेर काढलेला.

"बसा डेकवर," आनंदराव म्हणाले.

सगुणाबाई फळ्यांवर बसली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "डेक म्हंत्यात व्हय ह्याला? मग ह्यो बंद हाय ते बरं हाय."

"ह्यो वाजत न्हाई आज्जी," गेनबा म्हणाला. "हितं बसून पानी बघायचं."

"बगून काय करायचं?"

"काय न्हाई. पुण्याची लोकं नुसती बगत्यात."

"आमी त्येच बगाया रोज नदीपतुर जातो," सगुणाबाई म्हणाली. "आन डोक्यावर घिऊन येतो."

पाणी तसंही डेकखाली नव्हतं. उन्हाळ्याने मागे सरकलं होतं, खाली भेगाळलेला चिखल होता. पण मागच्या हिरवळीवर दिवसभर फवारे उडत होते. कुणी गवतावर बसत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. फवारा आपला फिरत होता आणि कडेच्या सिमेंटच्या रस्त्यालाही धुऊन काढत होता. अश्विनी तो फवारा बघत बसली. कोंबडी तिच्या ताटात गार झाली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई बंगल्यामागच्या चढावर करवंदं तोडायला गेली. थोड्या वेळाने वरून हाक आली.

"अश्विने! वर ये जरा. रामभाऊ दिसतोय."

"कुठं आत्या?"

"छपरावर."

अश्विनी पळत वर गेली. चढावरून बंगल्याचं छप्पर पायाखाली दिसत होतं. छपरावर निळी पॅनलं ओळीने पडली होती, उन्हात चकाकत. कडेच्या एकावर कोळ्याचं जाळं होतं. जाळ्याच्या मधोमध अर्धवट खरवडलेलं स्टिकर. डोकं गेलेलं, हात गेलेले. राहिली होती फक्त मिशी.

खाली फवारा फिरत होता, फुस फुस. तो कशावर फिरतो ते आता कळलं. सगुणाबाईने मुठीतली करवंदं वाकड्या हातातून सरळ हातात घेतली.

"आपलं पानी हाय ते," ती म्हणाली.

अश्विनीने गेनबाला गाठलं. तो हौदापाशी भांडी घासत होता.

"गेनबा मामा, ही वरची पॅनलं कुणी आणली?"

"सोलर व्हय? टेम्पो रामभाऊंचा व्हता," गेनबा हात न थांबवता म्हणाला. "आन नटबोल्ट आनंदरावांनी उन्हात उभं राहून आवळून घेतलं. मालक दोगांचंबी सोयरं ना. मागल्या सालीबी ह्याच डेकवर सहल आलीवती, उपसरपंचाच्या निवडीच्या टायमाला. रामभाऊंचं पॅनल. त्येंना रस्सा झणझणीत लागतो. तुमचं पॅनल मिळमिळीत खातंय."

संध्याकाळी डेकवर आनंदरावांचं भाषण झालं. रामभाऊने वस्तीच्या तोंडचा घास काढला, म्हणाले. हिशोब मागू, म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचा दिवा लख्ख जळत होता. अश्विनी दिव्याकडे बघत होती. हात वर केला तर हे येणार. नाही केला तर ते राहणार. मतदान कुणालाही केलं तरी पाणी ह्याच गवताला. आणि वस्तीवर जाऊन काय सांगायचं? पॅनलं बघून आले, बरी आहेत, म्हणून?

सकाळी जीप लागली. अश्विनी डेकवरून हलली नाही.

"चला ताई, उशीर होतोय."

"मला एक पायजे, आनंदराव."

आनंदरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ह्याची ते केव्हापासून वाट बघत होते. काहीच मागत नाही अशा सदस्याची त्यांना भीती वाटायची. "बोला की."

"छपरावरचं त्ये फुटकं पॅनल. मोबाईल चार्ज कराया होईल."

आनंदरावांनी वर बघितलं. खाली बघितलं. ताईच्या तोंडाकडे बघितलं, तिथं काही लिहिलेलं नव्हतं. घड्याळ बघितलं.

"एवढंच ना?" ते सुटल्यासारखे हसले. "त्या मेंबर हनुमंतानं तर पोरीचं लग्नच लावून मागितलंय. गेनबा, पाना आण."

पॅनल जीपमध्ये दोघींच्या मधे उभं केलं. येताना नसरापूरला गाडी गर्दीत अडकली. स्टँडवरच्या लोकांनी बघितलं, आनंदरावांच्या जीपमध्ये डेकवर आनंदरावांचं गाणं वाजतंय आणि खिडकीतून रामभाऊंची मिशी बाहेर बघतेय. युती झाली, अशी बातमी जीपच्या आधी गावात पोचली.

ग्रामपंचायतीसमोर अश्विनी उतरली आणि पॅनल ओढायला लागली.

"राहू द्या ना ताई गाडीत," आनंदराव घाईने म्हणाले.

"चोरीला जाईल. आपल्या गावात पॅनलं जात्यात. तुमीच सांगता रोज."

आनंदरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याच भाषणाला उत्तर द्यायचं होतं. तोवर दोन्ही हातांनी पॅनल उराशी धरून ती पायऱ्या चढली होती.

आत ठरावाची सभा घ्यायला तहसीलदार मॅडम बसल्या होत्या. रामभाऊ त्यांच्या शेजारी, इस्त्रीत. त्यांना दारातून आधी स्वतःची मिशी आत येताना दिसली. त्यांनी आपली खरी मिशी हाताने चाचपली.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"पॅनल," अश्विनी म्हणाली. तिने ते टेबलावर कडेवर उभं केलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सोडलं असतं तर मॅडमच्या अंगावर पडलं असतं.

मॅडमनी ठराव वाचला. "बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. सगळे अश्विनीकडे बघायला लागले. तिचे हात अडकले होते.

"द्या ताई, मी धरतो," आनंदराव अर्धे उठले.

"असू द्या, असू द्या," रामभाऊ लगबगीने म्हणाले. "त्यांनाच धरू द्या. जड काय नसतं."

"बसा दोघं," मॅडम म्हणाल्या. "ताई, तुमचं काय ते सांगा. बाजूने की नाही?"

टेबलावर पाण्याची बाटली होती, पण घ्यायला अश्विनीला हात नव्हता.

"मॅडम, ह्याच्यावर नारळ कुणी आपटला त्ये अख्ख्या गावाला ठावं हाय," ती म्हणाली. "ह्याच्या सोबतची बाकीची आज कुठं बसवल्यात त्येबी मला ठावं हाय. ह्या दोगांनाबी. दोगांपैकी जो आदी उठून तुमच्यापुढं सांगंल, माझं मत त्येला. सरपंचांनी सांगितलं तर हात खालीच ठेवते. आनंदरावांनी सांगितलं तर वर करते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"बोला," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."

रामभाऊंनी आनंदरावांकडे बघितलं. आनंदरावांनी रामभाऊंकडे. आधी बोलणाऱ्याला खुर्ची होती आणि खुर्चीवर बसायला तो राहणार नव्हता. दोघांच्या कपाळावर एकाच वेळी घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका पॅनलमधले वाटत होते.

कुणी बोललं नाही. वर गेलेले हात अवघडले आणि एकेक करत खाली यायला लागले. हनुमंताने आपला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, लग्नाचा प्रश्न होता. पॅनलची पत्र्याची कड अश्विनीच्या तळव्यात रुतत चालली. दंड थरथरायला लागले, तशी काचेवरची मिशीही थरथरायला लागली.

खिडकीच्या गजाला एक वाकडं मनगट धरून उभं होतं. सगुणाबाईच्या मागे हळूहळू वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. नदीवरून येताना वाटेत थांबलेल्या, हंडे डोक्यावरच.

"अश्विने," सगुणाबाई बाहेरून म्हणाली. "खाली ठिवू नगंस."

"न्हाई आत्या," अश्विनी म्हणाली, आणि पकड बदलून घेतली.