दोघींना एकाच दिवशी तपासलं

मित्रांनो, मास्तरांचं वागणं मला अजिबात पटलेलं नाही. चार दिवस माणूस माझ्या अंगाखांद्यावर चढतो, पोटावर छोटी हातोडी मारून कान लावतो, "वा, काय खणखणीत लाकूड!" म्हणतो आणि पाचव्या दिवशी वहीत माझ्या नावावर काट मारतो. ही कुठली रीत? मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण एवढं मलाही कळतं.

मी एक जुनी शिडाची होडी आहे. मोठी नाही, लहानही नाही. चार माणसं पोटात सुखाने झोपतील एवढी. शेजारच्या टेकूंवर उभी असायची ती माझी धाकटी बहीण. एकाच सुताराने आम्हाला एकाच छपराखाली घडवलं. मला रुंद केलं, तिला सडपातळ. ती वाऱ्यावर सुटली की मागे वळून बघत नाही. मी सावकाश जाते, पण माझ्यावर ठेवलेला चहाचा कप सहसा सांडत नाही. माझ्या पहिल्या घरची मुलगी तर माझ्याच फळ्यांवर चालायला शिकली. बंदरात लोक बोट दाखवून म्हणत, "होडी असावी तर अशी." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण ऐकायची सगळं.

मग मुलं मोठी झाली, दूर गेली. आम्हा दोघींना क्रेनने उचलून या आवारात आणून ठेवलं. बारा वर्षं झाली. अंगावर ताडपत्री, ताडपत्रीवर पानांचा खच. विचारणारं कोणी नाही. एक आमच्या सुताराचा मुलगा, तोही सुतारच, तेवढा अधूनमधून येऊन रंगाचा हात मारायचा. आता तोही आजोबा व्हायला आला.

यंदा आवाराच्या मालकाने सांगून टाकलं, "मला जागा हवी. महिनाअखेर जी उरेल तिच्यावर करवत." तेव्हाच मास्तर आणि त्यांची बायको आली. नोकरी संपली होती, घर लेकाला दिलं होतं, आता होडीवरच राहायचं होतं. दोघींपैकी एक घ्यायची. खरं सांगते, मी निवडली जावी असं मला वाटत होतं, आणि धाकटी मागे राहू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते काही मला उमगेना.

बाई दोघींच्या पोटात उतरून आल्या. "धाकटीत स्वयंपाक करायचा म्हणजे मान वाकवून. इथे मी सरळ उभी राहते."

"पण ती वेगात जाते," मास्तर म्हणाले.

"आपल्याला राहायचंय की पळायचंय?"

मास्तर हसले. "पाण्यात उतरवून बघू. तपासणी मात्र दोघींची एकाच दिवशी, एकाच वेळी. अन्याय नको."

क्रेन एकच. सोमवारी धाकटी पाण्यात गेली, मला आवारातून दिसेनाशी झाली. माझी पाळी गुरुवारी सकाळी आली. सुतार त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेला. गुरुवारी संध्याकाळी मास्तर विजेरी घेऊन आले. धाकटीच्या पोटात उतरले. कोरडी ठणठणीत. माझ्यात उतरले तर घोट्यापर्यंत पाणी!

मला काही सुचेना. कुठून येत होतं पाणी? माझी एक फळी कुजलेली नाही, हे मास्तरांच्याच हातोडीने सांगितलं होतं. मग मी अशी रडत का होते? लहानपणी असंच काही झाल्याचं पुसट आठवत होतं, पण तेव्हा आमचा जुना सुतार काय म्हणाला होता, ते काही केल्या आठवेना.  

"गळकी," मास्तर म्हणाले आणि काट मारली.  बाई माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची धूळ पदराने पुसून वर गेल्या. गळकी होडी कोण घेणार म्हणून मालकाने महिनाअखेरीची वाट न बघता शनिवारसाठीच क्रेन आणि करवतवाला सांगून ठेवला.

शुक्रवारी दुपारी सुतार परत आला. नात झाली म्हणून, पेढे मिळाले नाहीत तर बिस्किटंच वाटत होता. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो मास्तर, बारा वर्षं पाण्याबाहेर सुकलेलं लाकूड हे! आक्रसलंय. फटी पडल्यात. हिला पाणी पिऊ द्या, फुगू द्या. तीन दिवसांत आपोआप मिटेल."

"पण दुसरी तर कोरडी होती!"

"ती सोमवारी उतरली होती ना? आवाराच्या रखवालदाराला विचारा, दोन दिवस पंप चालवत बसला होता. तुम्ही तिची तपासणी चौथ्या दिवशी केलीत आणि हिची पहिल्या."

मास्तरांनी वही उघडून दिवस मोजले. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. त्यांनी स्वतः जाऊन शनिवारची क्रेन रद्द केली. रविवारी सकाळी माझ्या पोटात थेंब नव्हता. बाई सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आपली."

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण शेजारी धाकटी उभी होती. तिने कोणाचं काय वाईट केलं होतं? मी जिंकले की काय झालं, हे माझं मलाच समजेना. तुम्हाला मात्र सांगून ठेवते, जुन्या वस्तूला कोरडं टाकून विसरू नका, आणि विसरलात तर पहिल्या दिवशी तिची परीक्षा घेऊ नका. तिला सावरायला वेळ द्या.

मास्तर त्या दिवशी शिडाचा दोर ओढायला माझ्यावर चढले. मी साऱ्या फळ्या करकरवल्या आणि मोठ्याने बोलले, "मास्तर, तुम्ही लबाड नाही, हे मी मानते. उतावळे आहात. महिना संपायला अठरा दिवस आहेत, धाकटीला चांगलं घर बघून द्या. तिला करवत लागली, तर तुम्हाला माझ्या पोटात एकही दिवस कोरडं झोपू देणार नाही!"